हिप्पी आक्कांचा नियम

खून, दरोडे, दंगे यांतलं बरंचसं मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्याच्या दारातच सोडून आलो. एक घटना मात्र माझ्याबरोबर घरी आली. आजही ती आठवते तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येते ती बुटाच्या नाडीने बांधलेली एक गोधडी. नाव कुणाचंच सांगणार नाही. ज्यांची ही हकिगत आहे ती माणसं हयात आहेत, आणि त्यांच्यातल्या एकीने मला माझं नाव न विचारता चहा पाजलेला आहे.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या काही गावांत घरटी एक माणूस फौजेत. अशाच एका गावातली बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली. नवरा सैन्यातून निवृत्त झालेला, वय बेचाळीस, शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून लागलेला. सकाळी कामावर म्हणून निघाला तो कारखान्यात पोचलाच नाही. मोबाइल घरी उशीखाली ठेवून गेलेला. आम्ही मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली, फोटो लावून शोधपत्रिका सगळीकडे पाठवली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. घरात भांडण? दारू? भावकीचा वाद? दुसरी बाई? प्रत्येक प्रश्नाला ती "न्हाई" म्हणाली, आणि दर प्रश्नाला तिने पदर आणखी घट्ट ओढून घेतला. मला ते दिसलं होतं. त्याचा अर्थ काय, हे शोधायला मी थांबलो नाही.

पुढे ती दर सोमवारी येऊ लागली. सोमवार बाजाराचा दिवस. भाजी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन यायची, बाकड्यावर बसायची आणि मी मोकळा दिसलो की विचारायची, "काय कळलं का सायेब?"

"नाही, ताई."

"बरं."

एवढंच बोलून पाटी उचलून एसटीला जायची. असं दोन वर्षं चाललं. दीर म्हणत होते, आता नाद सोड. गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलवावं की नाही या पेचात पडल्या होत्या. हे तिने मला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदारांना, आणि त्याचंही एक कारण होतं. एका सोमवारी मी बंदोबस्ताला गेलो होतो. हवालदारबाईंनी तिला चहा दिला, काही न विचारता शेजारी बसून कागदांना टाचण्या मारत राहिल्या, आणि बाई आपणहून बोलायला लागल्या.

"साहेब, काल वैनी बोलल्या," हवालदारबाईंनी मला सांगितलं. "त्यांचे मालक उठले की वाकळंची, म्हंजे गोधडीची, घडी घालायचे. कोपऱ्याला कोपरा जुळवून. आणि वरनं बुटाची नाडी बांधायचे, पार्सल करत्यात तशी. दोन वर्षं झाली, वैनींनी ती शेवटची घडी सोडलेली न्हाई."

"याचा तपासाला काय उपयोग?" मी म्हणालो.

"उपयोग न्हाई साहेब. मला आपलं ऐकून बरं वाटलं."

माझी बदली सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला झाली. निघायच्या आधीच्या सोमवारी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी पाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता कुणाला इचारू?" नोकरीत मला शिव्या पुष्कळ बसल्या, पण इतकं कोणी ओशाळं केलं नव्हतं.

नव्या ठाण्यात रुजू होऊन पाचेक महिने झाले असतील. बेदाण्याच्या शेडचा एक मालक लेखी अर्ज घेऊन आला. अर्जात भाषा मोठी होती. माळावर हिप्पी लोकांनी अड्डा केला आहे, त्यांनी नवा धर्म काढला आहे, गांजा पिकवतात, माणसं बाटवतात. मी त्याला बसवून घेतलं आणि अर्जात काय लिहिलं नाही ते विचारलं. थोड्या वेळाने निघालं.

"त्या माळावर जाऊन-यून भाच्यानं केस वाडीवल्यात, सायेब. पार खांद्यापातूर. देवाला सोडल्यात म्हनावं तर तसं बी न्हाई. इचारलं तर म्हनतो, मला बरं वाटतंय म्हनून. आता ह्येला काय म्हनायचं?"

केस देवाला सोडले असते तर त्याची काही तक्रार नव्हती. त्याला देवाचं नाव हवं होतं आणि ते कुठे सापडत नव्हतं. पण अर्जात गांजा होता, आणि अमली पदार्थाची खबर म्हटली की दुर्लक्ष करता येत नाही. वरिष्ठांना कळवलं, स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच आणि महिला शिपाई सोबत घेऊन सकाळी सातला माळावर गेलो.

दगडी खोल्यांची एक ओळ होती. भिंतींवर केव्हातरी रंगवलेली फुलं आणि सूर्य, आता फिकट झालेले. दारांना कड्या होत्या, कुलूप एकालाही नव्हतं. माणसं सात-आठ. एक म्हातारी पुढे आली. सत्तरीच्या आसपासची, पांढरी वेणी, वेणीत रंगीत मणी, अंगात ढगळ सदरा. सगळे तिला आक्का म्हणत होते.

"मी पोलीस निरीक्षक," मी सुरुवात केली.

"ते कपड्यांवरून दिसतंय. साखर किती घेता?"

छापा घालायला गेलेल्या अधिकाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही कोपरा न कोपरा तपासला. मागच्या वाफ्यात बोटांसारख्या पानांची हिरवी झाडं बघून माझा एक शिपाई खूश झाला. आमच्या पंचाने पान तोडलं, चावलं आणि शांतपणे सांगितलं, "अंबाडी हाय. भाजी करा सायेब, लसनाची फोडनी घालून." गांजाची खबर तिथेच संपली.

मी शेवटच्या खोलीत डोकावलो. सगळीकडे अंथरुणं अस्ताव्यस्त, कपडे खुंटीवरून ओघळलेले. एका कोपऱ्यात मात्र एक जागा झाडून स्वच्छ, पायताणं जोडीने लावलेली, आणि शेजारी गोधडीची घडी. कोपऱ्याला कोपरा. वरून बुटाची काळी नाडी, गाठ मधोमध.

फौजेतून आलेले आणि घडी घालणारे लोक आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण नाडी? मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. "साहेब, काय झालं?" असं महिला शिपायाने विचारलं तेव्हा भानावर आलो.

"ही कुणाची?"

सगळ्यांनी आक्कांकडे पाहिलं. शेवटी आक्का म्हणाल्या, "राहणाऱ्याची आहे."

"नाव?"

"विचारलं नाही."

"गाव?"

"विचारलं नाही."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या जागी जबाब घ्यायचा असतो. तेव्हा मी तिथेच अंगणात बाजेवर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि आक्कांचा जबाब सुरू केला. नाव झालं, वय झालं.

"धर्म?"

"हिप्पी लिहा."

मला हसू आलं. "आक्का, तो धर्म नव्हे. केस वाढवायचे, माळा घालायच्या, गाणी म्हणायची, नको ते ओढायचं. त्यात देव कुठे? पोथी कुठे?"

"देव नाही, पोथी नाही. ओढण्याचं म्हणाल तर त्यातच माझे चांगले सोबती गेले, त्याचं मी कौतुक सांगत नाही. पण एक नियम आहे. आलेल्या माणसाला 'कुणाचा तू' म्हणून विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. पन्नास वर्षं होतील, तो मी मोडलेला नाही. तुमच्यात किती जण आपला नियम इतकी वर्षं पाळतात?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांचं शिरवळला हमरस्त्यावर चहाचं हॉटेल होतं. हिप्पी लोकांच्या रंगवलेल्या गाड्या गोव्याला जाताना तिथे थांबायच्या. ही विशीतली मुलगी कपबशा विसळायची. गिऱ्हाईक येणार ते पहिल्यांदा विचारणार, कुणाची गं तू? उत्तर ऐकून मग ठरवणार, हिच्याशी कसं बोलायचं. एके दिवशी अशाच एका गाडीतल्या बाईने तिच्या हातचा चहा घेतला आणि आपल्या केसांतलं फूल काढून तिच्या केसांत खोचलं. कुणाची, कुठली, काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला ही त्या गाडीत बसून निघून गेली. नंतर त्यांतले बहुतेक परतले, केस कापले, नोकऱ्यांना लागले. एका सोबत्याच्या वाट्याला हा माळ आला होता, तो आणि आक्का इथे राहिले. तो वारला. नियम राहिला.

मी ऐकत होतो, पण आतून चिडलोही होतो. आमच्या मुलखात "कुणाचा रं तू?" हा काही वाईट प्रश्न नाही. गाव कळतं, पाहुणे निघतात, माणूस उघड्यावर पडत नाही. माझे निम्मे तपास याच प्रश्नाने लागले आहेत.

"आक्का, हा माणूस आत्ता कुठे आहे?"

"आमच्यातल्या एका म्हाताऱ्याला घेऊन मिरजेला गेलाय, दवाखान्यात. कोणत्या ते सांगणार नाही. त्याला धरायला गाडी गेली तर तो पुन्हा पळेल, आणि मग कुठे जाईल देव जाणे."

मिरजेत दवाखाने किती, हे मिरजेच्या पोलिसालाही विचारू नये. शोधून काढता आला असता, पण तोपर्यंत त्याला कुणकुण लागली असती. मी आवाज चढवला, "हे लपवणं झालं."

"लपवायला आधी माहीत असावं लागतं, साहेब."

चढ्या आवाजाचा तिथे उपयोग नव्हता. मी कागद बाजूला ठेवला आणि चहाचा कप उचलला. गार झाला होता, तरी प्यालो. मग त्यांना काही न विचारता बाकड्याची गोष्ट सांगितली. सोमवार, रिकामी पाटी, "काय कळलं का सायेब?", अडीच वर्षं न सोडलेली घडी, आणि शेवटी "आता कुणाला इचारू?"

आक्का अंबाडीच्या वाफ्याकडे बघत बसल्या. डोळे भरले तरी पुसले नाहीत.

"कुणीतरी वाट बघत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही," त्या म्हणाल्या. "आलं होतं. अंगणात एकटा बसलेला दिसला की यायचं. पण म्हटलं, नियम. साहेब, मी गेले तेव्हा मलाही कुणी विचारलं नाही, पोरी, घरी कळवलंस का? मला त्याचंच अप्रूप होतं. माझी आई पुढे सहा वर्षं जगली म्हणे. गाडी थांबली की पुढे व्हायची आणि आत वाकून बघायची. मला हे ती गेल्यावर कळलं."

माझ्याबरोबरच्या महिला शिपायाने मान फिरवली. मी रिकामा कप बाजेखाली ठेवला.

"मी विचारते त्याला," आक्का म्हणाल्या. "तुम्ही नका विचारू. तुमचं विचारणं वेगळं असतं."

मी तीन दिवस दिले. कायद्याने सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठे राहत असेल तर त्याला ओढून घरी नेता येत नाही, त्याच्या संमतीशिवाय पत्ताही घरच्यांना देता येत नाही. तेव्हा आक्कांवर विसंबणं हाच मार्ग होता. तरी पोलिसाचा स्वभाव जात नाही. माळाच्या पायथ्याला साध्या वेशात एक शिपाई ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "साहेब, आक्कांनी मला चहा पाठवलाय. दोन वेळा. आता काय करू?" "पी," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आक्का स्वतः एसटीने ठाण्यात आल्या. मला वाटलं होतं नियम मोडल्याने त्या खचल्या असतील. खचल्या नव्हत्या, पण थकलेल्या दिसत होत्या.

"विचारलं. आधी रडला, मग बोलला."

सैन्यात त्याच्या शेजारीच त्याचा जोडीदार मारला गेला होता. घरी आल्यावर गावाने सत्कार केला, फौजी म्हणून नाव झालं, पण झोप गेली. लागली तर स्वप्नं. एकदा जाग आली तेव्हा त्याचे दोन्ही हात बायकोच्या गळ्यावर होते. ती श्वासासाठी धडपडत होती आणि तरी त्याचंच नाव घेऊन त्याला जागं करत होती. सकाळी तिने गळ्याभोवती पदर घेतला आणि भाकरी बांधून दिली, एका शब्दाने बोलली नाही. आज ना उद्या आपल्या हातून ही मरणार, या भीतीने तो निघाला तो मिरजेला. तिथे डॉक्टरांना दाखवायचं ठरवून गेला आणि दवाखान्याच्या दारातून मागे फिरला. स्टेशनवर बसलेला आक्कांच्या सोबत्यांना दिसला. त्यांनी काही विचारलं नाही म्हणूनच तो त्यांच्याबरोबर गेला. आक्कांनी पुढे त्याला हळूहळू दवाखान्यापर्यंत नेलं होतं. औषध चालू होतं.

माझ्या डोळ्यांपुढे तो पदर आला, दर प्रश्नाला घट्ट होत गेलेला. "घरात भांडण?" "न्हाई." खरंच भांडण नव्हतं.

"बायको भेटायला आली तर चालेल का, विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, येऊ दे. पण दिवसा येऊ दे."

मी जुन्या ठाण्यातल्या हवालदारबाईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. मी म्हणालो, "सोमवारी येतीलच त्या ठाण्यात, तेव्हा सांगा." त्यावर माझ्यावरच तडकल्या, "सोमवारपर्यंत कशाला साहेब? आत्ता जाते की गावात." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई माळावर आल्या. हवालदारबाई सोबत होत्या, रजा टाकून आलेल्या. तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. केस मानेपर्यंत वाढलेले, दाढी. मला वाटलं बाई धावतील, रडतील, निदान जाब विचारतील. त्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आक्कांनी पुढे होऊन त्यांच्या हातात चहाचा कप दिला. नाव विचारलं नाही, कोण म्हणून विचारलं नाही. बाईंनी कप घेतला, आक्कांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "झोप लागती का ओ ह्यास्नी?"

"आता लागते. चार-पाच तास."

"मग लय झालं," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडल्या.

तो हळूहळू जवळ आला. चार पावलांवर थांबला आणि हात मागे बांधले. बाईंनी पुढे होऊन ते हात सोडवले. मी वाफ्यातल्या अंबाडीची पाहणी करायला गेलो. हवालदारबाईही माझ्या मागोमाग आल्या, नाक ओढत.

मिसिंगची फाइल बंद करायला त्याचा जबाब घ्यावा लागणार होता. नाव, वय, धंदा लिहिलं. "राहणार?" असं विचारलं आणि पेन थांबलं. तो खाली बघत बसला. घरी जायचं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर भीती सरळ दिसत होती, आणि नाही म्हणायचं तर समोर ती बसली होती. अडीच वर्षं ज्याचं उत्तर शोधत होतो तो प्रश्न आता माझ्याच कागदावर होता, आणि मला तो विचारवेना.

बाईच बोलल्या. "हितलंच लिवा, सायेब. बरं वाटस्तवर ऱ्हाऊ द्यात हितं. म्या यीन की दर सोमवारी. सोमवारची सवय हाय मला."

मी माळाचा पत्ता लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं.

अर्जदाराला उत्तर द्यायचं राहिलं होतं. नवा धर्म आढळून आला नाही, धर्मांतर आढळून आलं नाही, अंबाडी आढळून आली, असा अहवाल दिला. भाच्याच्या केसांबद्दल ठाण्याला काही करता येणार नाही, हेही तोंडी सांगितलं. आक्कांच्या जबाबात धर्माचा रकाना मात्र कोराच होता. लेखनिकाने कागद परत आणला, "साहेब, हे भरायचं राहिलंय." विचारला होता, तरी मी पेन घेतलं आणि लिहिलं, "विचारला नाही."

हिप्पी हा धर्म आहे का, यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही. माळा आणि लांब केस म्हणजे श्रद्धा असं मी मानत नाही. तसे केस मी कोठडीतही पाहिले आहेत. पण एका नियमावर सारं आयुष्य काढलेली बाई मी पाहिली. त्या नियमाने एक माणूस जगला आणि त्याच नियमाने त्याची बायको बाकड्यावर बसून राहिली, हे दोन्ही तिने कबूल केलं आणि एका अनोळखी बाईसाठी तो मोडला. ज्यांना आपण धर्मनिष्ठ म्हणतो त्यांच्यात हे धैर्य मला फार वेळा दिसलेलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानंतरच्या नोकरीत समोर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायच्या आधी मी चहा सांगू लागलो. तपासाला त्याने उशीर झाला असं काही आठवत नाही.

बाई ठरल्याप्रमाणे सोमवारी येत राहिल्या. पुढे सोमवारच्या जोडीला मंगळवार आला, मग मुक्काम वाढले, आणि वर्षाने तो तिच्याबरोबर घरी गेला. निवृत्तीनंतर एकदा साताऱ्याला जाताना मी त्यांच्या गावात सहज वाट वाकडी केली. सकाळची वेळ होती. तो मळ्यात गेला होता. बाई लगबगीने पुढे आल्या.

"आवं सायेब, कळवून तरी यायचं. घरात लय पसारा हाय, बगू नका."

मी बघितलंच. सोप्यात पलंगावर गोधडी तशीच पडली होती, निम्मी खाली लोंबत होती, रात्रभर माणूस तिच्यात गाढ झोपला होता हे स्पष्ट दिसत होतं. बुटाची नाडी कुठे दिसेना. निघताना दिसली. परसात घेवड्याचा वेल तिने काठीला बांधला होता, त्याच नाडीने.